भुऱ्या गोधडीवरच का जातो?

प्रश्न : आमचा बोका भुऱ्या तीन वर्षांचा आहे. पिल्लू असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, घरातच असतो. लिटर ट्रे सोडून त्यानं आजवर कुठं घाण केली नाही. डिसेंबरात नणंद बाळंतपणासाठी आली, आता तिला सातवा लागलाय. मागच्या खोलीत खिडकीखाली ट्रे असायचा, तिथं तिचा पलंग टाकला आणि ट्रे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी नेला. वास नको म्हणून लॅव्हेंडरचं लिटर आणलं. रात्री गारठा असतो म्हणून बाल्कनीचं दार लावतो, तो ओरडला की उघडतो. पहिले काही दिवस बरे गेले. पंधरवड्यापासून मात्र तो नणंदेच्या पलंगावर, तिच्या गोधडीवरच शू करतो. एकदा तिच्या बॅगेवरही केली. नाक घासून झालं, बाथरूममध्ये कोंडून झालं, फिनेल तर रोज दोनदा. सासूबाई म्हणतात, त्याला नणंदेचा राग आलाय. तसंही पोटुशी बाई असलेल्या घरात मांजर नको, तपोवनात सोडून या. मिस्टर मध्ये पडत नाहीत. नणंद बोलत नाही, पण तिचा चेहरा दिसतो. काय करू?

ता. क. शी अजून ट्रेमध्येच करतो. शू कधी मोठं थारोळं, कधी चमचाभर. दिवसातून बऱ्याचदा बसताना दिसतो.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही ता. क.मध्ये लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. सारखं सारखं बसणं आणि चमचाभरच होणं यात रागलोभाचा संबंध दिसत नाही, मूत्राशयाचा दिसतो. ट्रे, लिटर, नणंद, सासूबाई हे सगळं तूर्त बाजूला ठेवा आणि भुऱ्याला डॉक्टरांकडे न्या. सदर छापून येईपर्यंत थांबणं बरोबर नव्हतं, म्हणून एवढं तुम्हाला आधीच कळवलं होतं. इथं पुन्हा लिहितेय ते घरी बोका असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी.

घाई कशाला, तर बोक्याची मूत्रनळी मांजरीच्या मानानं लांब आणि अरुंद असते, टोकाशी तर फारच. स्फटिकांचा चिकट गाळ, बारीक खडा किंवा नुसती सूजसुद्धा ती बंद करायला पुरते. मग लघवी आत साठते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो, थेंबही येत नाही, मागचा भाग सारखा चाटतो, खाणं सोडतो, उलटी करतो, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की रविवार, त्याच वेळी निघायचं. पोट दाबून बघायचं नाही. आपल्याकडे हटकून होणारी गोष्ट म्हणजे कुंथणारा बोका बघून ‘पोट साफ होत नसेल’ असं समजतात, एरंडेल पाजतात, आणि हातातले मोजके तास त्यातच जातात.

भुऱ्याला मोठी थारोळीही होतात, म्हणजे वाट पूर्ण बंद नाही. पण ‘उद्या बघू’ म्हणावं अशीही स्थिती नाही. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं? एक तर साध्या वहीत गेल्या दोन दिवसांची, आठवेल तशी नोंद: किती वाजता बसला, किती झालं, कुठं झालं. गोळे होणारं लिटर वापरत असाल तर ते मोजणं सोपं जातं. धडधाकट मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार, बऱ्यापैकी मोठे गोळे निघतात. सुपारीएवढे सात-आठ निघाले तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. दुसरं, जमलं तर लघवीचा नमुना. ट्रे रिकामा करून, धुऊन-वाळवून त्यात माशांच्या टाकीत घालतात ते गुळगुळीत खडे पसरायचे. ते शोषून घेत नाहीत, त्यामुळे खाली जमलेली लघवी बिनसुईच्या सिरिंजनं ओढून घेता येते. नाहीच जमलं तर डॉक्टर बारीक सुईनं थेट मूत्राशयातून घेतात; ऐकायला भयंकर वाटतं, पण दोन मिनिटांचं काम असतं आणि नमुना जास्त स्वच्छ मिळतो. सोनोग्राफी किंवा एक्स-रे सांगितला तर काढून घ्या, त्यात खडे दिसतात.

आणखी एक ऐकून ठेवा, म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही. भुऱ्याच्या वयाच्या मांजरांमध्ये जंतुसंसर्ग त्या मानानं कमी निघतो. बहुतेकदा तपासण्या होतात आणि ठोस कारण सापडत नाही. मूत्राशयाला सूज असते, दुखतं, आणि ताण वाढला की ते उफाळतं. हा भडका बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं असेल, गोळी, काढा किंवा अंगारा, त्याला श्रेय मिळतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू झालं की मग लोक हवालदिल होतात. म्हणून डॉक्टरांनी वेदनेचं औषध दिलं तर ते नेमानं द्या, अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका, आणि ताणाकडे औषधाइतक्याच गंभीरपणे बघा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आता ताण. तुमच्या घरात डिसेंबरपासून काय काय बदललं ते भुऱ्याच्या उंचीवरून बघा. खोली गेली. खिडकी गेली. ट्रे हलला. लिटर बदललं. नवं माणूस आलं, त्याच्या बॅगा आल्या. सासूबाईंची कटकट सुरू झाली. आणि तुम्हीही, ज्या आजवर त्याच्या हक्काच्या होत्या, त्याचं नाक घासायला लागलात. यातली एखादी गोष्ट त्यानं पचवली असती. (शहरात २०२७च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्ते खोदलेत. खिडकीखाली दिवसभर ब्रेकर चालत असेल तर तेही या यादीत धरा.)

राहता राहिली नणंदेची गोधडी. पलंग नेमका कुठं टाकलाय ते तुम्हीच लिहिलंय: खिडकीखाली, जिथं ट्रे होता. तीन वर्षं भुऱ्या त्या कोपऱ्यात जात आला. माणसांनी तिथून ट्रे काढला, पण त्याच्या डोक्यातली जागा तीच राहिली. आता तिथं जाऊन उभं राहिलं की पायाखाली गोधडी लागते. ती मऊ असते, लगेच शोषून घेते, पायावर शिंतोडे उडत नाहीत. मूत्राशय दुखत असलेलं मांजर असाच पृष्ठभाग शोधतं, कारण ट्रेमध्ये बसलं की दुखतं एवढी खूणगाठ त्यानं बांधलेली असते. बॅगेचं कोडंही फार अवघड नाही. बॅग सासरच्या घराच्या, एसटीच्या, कुणाकुणाच्या हातांच्या वासानं भरलेली असणार. परक्या वासानं बिथरलेलं मांजर त्यावर आपला वास सोडतं. नणंदेबद्दल त्याचं वाईट मत आहे, असं यातून काही निघत नाही. सासूबाईंना एवढं पटलं तरी घरातला निम्मा तणाव उतरेल, आणि नणंदेला तर हे आजच सांगा. ती बिचारी रोज स्वतःला नकोशी समजून झोपत असेल.

बॅगेवर केली तेव्हा तो उभा होता की बसलेला, हे आठवतंय का? शेपटी वर करून, ती थरथरवत, उभ्यानं भिंतीवर किंवा कपाटावर फवारा मारणं हा खुणा करण्याचा वेगळा प्रकार. ऑपरेशन झालेल्या बोक्यांमध्ये तो पुष्कळ कमी होतो, अगदी बंद होईलच असं नाही. बसून केली असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

बाल्कनीबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण ट्रेची इतकी वाईट जागा मी क्वचित ऐकली असेल. वॉशिंग मशीन पिळायला लागली की ती फरशीवर कशी धडधडते ते तुम्हाला माहीत आहे. मांजर ट्रेमध्ये मागचे पाय फाकवून बसलंय, अर्धं झालंय, आणि कानाशी ते सुरू झालं. एकदा असं झालं तरी पुष्कळ मांजरं त्या ट्रेकडे पुन्हा फिरकत नाहीत. त्यात जानेवारीचा गारठा. नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली जातो, पहाटे उघड्या बाल्कनीतली फरशी बर्फ झालेली असते. आणि त्या सगळ्यावर बंद दार. तो ओरडला की उघडता म्हणता, पण तुमची झोप लागल्यावर तो किती वेळ ओरडला हे कुणी मोजलंय? शी ट्रेमध्येच करतो यावरून मला वाटतं, त्याची बिचाऱ्याची इच्छा अजून आहे. शी दिवसातून एकदा, बहुधा दार उघडं असतानाच होत असेल. लघवी वेळ बघून येत नाही.

तेव्हा बाल्कनीतला ट्रे राहू द्या, पण आजच दुसरा आणा आणि तो मागच्या खोलीच्या दाराबाहेर, पॅसेजच्या आडोशाच्या कोपऱ्यात ठेवा. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त हा साधा हिशेब आहे. तुमच्याकडे एक मांजर, म्हणजे दोन ट्रे. मागच्या खोलीला जोडून बाथरूम असेल आणि नणंदेची हरकत नसेल तर ते पॅसेजपेक्षाही चांगलं, फक्त दार चोवीस तास किलकिलं राहिलं पाहिजे. दुकानातले बहुतेक ट्रे मोठ्या बोक्याला अपुरे पडतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत भुऱ्याला मापा आणि त्याच्या दीडपट लांबीचा ट्रे घ्या. तसा मिळत नसेल तर मेन रोडवर कपडे ठेवायचे मोठे प्लास्टिकचे डबे मिळतात. त्यातला एक घेऊन एका बाजूला आत शिरायला खाच कापा आणि कड घासून घ्या. वर झाकण नको. झाकणानं वास आपल्यापासून लपतो आणि आत त्याच्यासाठी कोंडतो.

लॅव्हेंडर घराबाहेर. सुवासिक लिटर माणसांच्या नाकासाठी बनवतात. बिनवासाचं, बारीक दाण्याचं, गोळे होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर बहुतेक मांजरांना मानवतं. दोन-तीन इंचांचा थर द्या. पण मांजराला काय आवडतं ते मांजरालाच विचारलेलं बरं. नव्या ट्रेशेजारी काही दिवस आणखी एक पसरट भांडं ठेवून त्यात चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू घाला आणि भुऱ्याला कौल देऊ द्या. पार्किंगमधलं पिल्लू ते. त्याच्या पंजांना पहिली ओळख मातीचीच. गोळे सकाळ-संध्याकाळ काढायचे. हे काम तुम्ही करा किंवा मिस्टरांना द्या. मध्ये न पडणाऱ्या माणसाला करण्यासारखं हे काम आहे, यात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

तोवर पलंगाचं काय? नवा ट्रे पॅसेजमध्ये ठेवला असेल तर मागच्या खोलीचं दार काही दिवस बंदच ठेवा आणि भुऱ्या आत शिरलाच तर म्हणून दिवसा गादीवर मेणकापड अंथरा. बाळासाठी ते तुम्ही आणणारच आहात, महिनाभर आधी आणा. गोधडी आधी गार पाण्यातून काढा, मग एन्झाइम असलेल्या पावडरमध्ये भिजवा, धुवा आणि कडक उन्हात टाका. गादी नुसती पिंजून घेतल्यानं वास जात नाही. तिच्यावर आणि फरशीच्या सांध्यांवर जनावरांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण ओतून, बाटलीवर सांगितलंय तेवढा वेळ ओलं राहू द्यायचं. लगेच पुसलं तर पैसे वाया. डाग कुठं आहेत कळत नसेल तर नोटा तपासायची निळी-जांभळी बॅटरी अंधारात फिरवा, वाळलेली लघवी चमकते.

आणि फिनेल थांबवा. फिनॉलसारखे पदार्थ मोडून काढणारं विकर मांजराच्या यकृतात फार तोकडं असतं. फरशीवरचं फिनेल पंजांना लागतं, मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. जखमेवर लावायचं, पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं अँटिसेप्टिकही त्याच कारणासाठी नको. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास तर त्याला लघवीसारखाच वाटतो, म्हणजे आपणच तिथं पाटी लावल्यासारखं. नाक घासणं आणि कोंडणंही आजपासून बंद. त्यातून तो एवढंच शिकतो की ही बाई जवळ आली की धोका. ताण वाढतो, मूत्राशय आणखी चिडतं, आणि लघवी तुमची पाठ फिरल्यावर होते.

पाणी जास्त पोटात जाईल असं बघा. थंडीत मांजरं पाणी कमी पितात आणि नुसता कोरडा खाऊ असेल तर लघवी दाट होते. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद वाट्या ठेवा, ट्रेपासून लांब. ओला खाऊ चालू करा, किंवा चिकन-मासा उकडलेलं बिनमिठाचं पाणी द्या. फक्त त्यात कांदा-लसूण नको. आपल्या जिल्ह्यात कांद्याशिवाय पातेलं चुलीवर चढत नाही हे खरं, पण कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवला तरी त्याचं विष जात नाही.

आता सासूबाईंचा दुसरा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे, फक्त ते तपोवनापर्यंत जात नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या शीमधून पसरतो आणि गरोदरपणात स्त्रीला त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण तो शीमधून येतो, लघवीतून नाही. मांजर तो साधारण आयुष्यात एकदा, स्वतःला पहिली लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे बाहेर टाकतं. आणि बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस, कधी पाच दिवसही लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला, आणि तो नणंदेनं केला नाही, तर प्रश्न जवळजवळ मिटतो. बाहेर न जाणाऱ्या, उंदीर न मारणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या भुऱ्यापासून धोका आणखी कमी. त्यापेक्षा अर्धंकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर-मेथी आणि कुंडीतली माती यांपासून नणंदेनं जपावं. शंका राहिलीच तर तिच्या डॉक्टरांना विचारा, त्यासाठी रक्ताची तपासणी आहे. आणि हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. पुढच्या तपासणीला त्यांनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत केवढा फरक पडतो ते मी तुम्हाला काय सांगू!

तपोवनात सोडणं हा उपाय नाही. घरात वाढलेल्या बोक्याला तिथं ना अन्न शोधता येणार, ना कुत्र्यांपासून जीव वाचवता येणार. आणि आजारी मूत्राशय घेऊन तर नाहीच. उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०खाली गुन्हा आहे. मिस्टर इतर कशात पडले नाहीत तरी निदान एवढ्यात त्यांना पडायला सांगा.

एक गोष्ट याच आठवड्यात ठरवा. नणंदेचे अजून दोनेक महिने आहेत. बाळ घरी आल्यावर पॅसेजमध्ये दुपट्यांचा स्टँड येईल, पाहुण्यांच्या चपला येतील, बारशाला माणसं येतील, आणि कुणीतरी म्हणेल, हा ट्रे इथून हलवा. तो कोपरा तेव्हा टिकणार नसेल तर ट्रेची कायमची जागा आत्ताच नक्की करा. भुऱ्याचं दुखणं थांबलं आणि तो दोन-तीन आठवडे नियमानं ट्रेमध्ये जायला लागला की रोज वीतभर सरकवत ट्रे तिकडे न्या. गाडी अडली, एकदा जरी बाहेर झालं, तर ट्रे आदल्या जागी परत आणून आठवडाभर तिथंच ठेवायचा आणि मग पुन्हा निघायचं. पॅसेजपासून हॉलच्या कोपऱ्यापर्यंत असं जायला महिना लागेल, म्हणजे बाळंतपणाआधी जेमतेम बसतंय.